कापणीचे दिवस आणि लॉरीचे दिवे

दिवस मावळतो आहे, गाडीचे दिवे लागत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, चालवणाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि तरीही तुम्ही गाडीत बसून राहिला आहात, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? खरं सांगा. मला नाही, स्वतःला सांगा. मी बसून राहिले होते. एकदा नाही, पुष्कळ संध्याकाळी.

दसरा जवळ आला की पनवेलच्या नाक्यावर ऑइलपेंटचा वास सुटतो. लॉऱ्या तळ्यावरून धुऊन येतात, रांगेने उभ्या राहतात, आणि माणसं गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून त्यांना रंग लावतात. लोकांना तो वास सणाचा वाटतो. मी मात्र पदर नाकाला लावून पाऊल उचलते. काल संध्याकाळी शाळेतून परतताना एका लॉरीपाशी मी थांबले. एक तरुण माणूस मडगार्डवर बसून शीळ घालत कुंचला फिरवत होता. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. तो म्हणाला, "काय बाई, कुणाचं घर विचारताय?" मी "नाही" म्हटलं आणि चालू लागले. घरी आल्यावर स्वतःचीच चीड आली. सात वर्षं झाली, अजून माझी जीभ नाक्यावर अडखळते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची लॉरी लष्कराच्या लिलावातली. लढाई संपल्यावर अशा कितीतरी गाड्या मुंबईहून इकडे आल्या. तिचा मूळ रंग शेवाळी हिरवा, दार लावताना दोनदा आपटावं लागे, आणि समोर मडगार्डांवर दोन मोठे गोल दिवे होते, बेडकाच्या डोळ्यांसारखे पुढे आलेले. माझ्या बाने आपल्या वाटणीची होडी विकून ती घेतली. आमचं घराणं खाडीवरचं. आजाचा मचवा मीठ घेऊन जायचा. बा होडीतून उतरून लॉरीत बसला एवढंच, बाकी त्याच्यात काही बदल झाला नाही. लॉरी उभी करायची तर होडी धक्क्याला लागल्यासारखं तो म्हणे, "लावली गो." तिच्यापुढे नारळ फोडायचा तोही दसऱ्याला एकदा आणि नारळी पुनवेला एकदा.

त्या मचव्यानेच मला अक्षरं दिली. बेचाळीस साली मिठाच्या गोणींखाली पत्रकांचे गठ्ठे येत. भिजून वाया गेलेली पत्रकं बा घरी आणायचा, आई त्यांवर भाकरी ठेवायची, आणि मी भाकरीखालची वाक्यं वाचायची. त्यामुळे लहानपणी वाक्य म्हणजे उद्गारचिन्हाने संपणारी गोष्ट, असं मला वाटे. जागे व्हा! उठा! जाब विचारा! जाब विचारायला शिकले ती तिथे. जाब नेहमी दुसऱ्याला विचारायचा असतो, असंही तिथेच शिकले.

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. फायनल पास होऊन शिरढोणच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागले होते. भातकापणीच्या दिवसांत बा शिरढोणच्या शेतांवरून पनवेलच्या गिरणीत भात आणी, आणि संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला कापणीवर आलेल्या बायकांना कामोठ्याला सोडी. या बायका कामोठ्याच्या. सकाळी पायी येत, पण दिवसभर वाकून कापल्यावर तेवढंच अंतर परत चालायचं म्हणजे जिवावर येई. म्हणून त्या पोत्यांवर बसून येत, पनवेलला पोती उतरली की रिकाम्या लॉरीत पाय पसरून बसत, आणि कोयते मांडीखाली धरून गाणी म्हणत. मी पुढे बाच्या शेजारी बसे. पनवेलला घर असूनही कामोठ्यापर्यंत जाऊन परत येई, कारण बाला परतीला एकट्याला झोप येई आणि कोणीतरी बोलतं ठेवावं लागे.

ते दिवस आठवले की पहिल्यांदा येतो तो वास. कापलेल्या भाताचा ओलसर गोड वास, त्यात पेट्रोलचा, आणि कामोठ्याजवळ आल्यावर खाडीचा. गावात शिरण्याआधी रस्ता बांधावरून जाई. रस्ता कसला, मिठागरांच्या मधली जेमतेम लॉरीपुरती माती. एका बाजूला मिठागरांचं पाणी, दुसऱ्या बाजूला खाडी. दिवस असला तर देखणी जागा. बगळे बसलेले, पाण्यात आभाळ. पण कार्तिकाकडे जाताना दिवस असा झपाट्याने लहान होतो की काल ज्या वेळी बगळे दिसले त्या वेळी आज नुसती करडी पट्टी दिसते, आणि आठवड्याने तीही नाही.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. बांधावर चढलो आणि दिवे मंद झाले. आधी पिवळे, मग निखाऱ्यासारखे, मग काहीच नाही. बाने ब्रेक दाबला. मागची गाणी थांबली. मला पाण्याचा आवाज ऐकू आला, दोन्ही बाजूंनी, फार जवळून. बा उतरला, मडगार्डवर तळहाताची एक जोरदार थाप मारली, आणि दिवे लख्ख लागले.

मागे बायका हसल्या. त्यांच्यात हिराय म्हणून चाळिशीची बाई होती, कापणीच्या टोळीची पुढारीण. ती फळीवरून वाकून ओरडली, "दादूस, तुजी लॉरी थाप खाल्ल्याबिगर बगत नाय. माज्या नवऱ्यासारकी हाय!"

"तुजा नवरा थाप खाऊन उठतो तरी," बा म्हणाला. "हिचा भरवसा नाय."

सगळे हसले. मीही हसले. आज विचार करते, त्या हसण्याला आम्ही सगळे किती दिवस धरून बसलो! रोज बांधावर नाहीतर त्याआधी दिवे जात, रोज थाप बसे, रोज ते लागत. थापेची सवय झाली. पण मला त्या दोन क्षणांची सवय झाली नाही, दिवे गेल्यापासून थाप बसेपर्यंतच्या. बांध कुठे संपतो ते त्या दोन क्षणांत दिसत नसे. बा चाक सरळ धरून बसे आणि मी त्याच्या हातांकडे बघे. ते अंधारात दिसत नसत, तरी बघे. सकाळी वर्गात पाढे म्हणून घेताना मधेच माझ्या मनात यायचं, आज थाप मारून लागले नाहीत तर? मुलं सातापुढे जात आणि मी सातावरच राहिलेली असे.

बाने लॉरी नाक्यावर नेली. तिथे इसाक मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. इसाक मिस्त्री कोकणी मुसलमान, साठीचा, चष्म्याला एका बाजूने दोरी बांधलेला. त्याने फ्यूज पाहिला, दिव्यातले बल्ब काढून बॅटरीवर लावून पाहिले. दोन्ही उत्तम. तारेचा एक सांधा हिरवट पडला होता, तो कापून नवा केला. दिवे लागले ते शेडच्या पत्र्यावर चंद्रासारखे. संध्याकाळी बांधावर विझले. पुन्हा नेली. या वेळी त्याने दिव्यांची तार नवी घातली, बटण बदललं, दिवा खाली-वर करायचा पायाखालचा खटका उघडून साफ केला. शेडमध्ये दिवे लागले. दोन दिवस टिकलेही. तिसऱ्या दिवशी शिरढोणहून निघतानाच गेले.

"बा, आजची खेप नको," मी म्हटलं.

"भात शेतात ऱ्हाईल. आन या बाया काय इथं निजतील? त्यांची पोरा वाट बगतात."

"दिवे नाहीत."

"थाप मारली का लागतात."

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पोरं खरंच वाट बघत होती. मी गप्प बसले. वर्गात मी मुलांना सांगत असे की अन्यायापुढे गप्प बसू नका. पण बापापुढे, भातापुढे, बायकांच्या दुखऱ्या कमरांपुढे काय बोलायचं, हे कोणत्याही पत्रकात छापलेलं नव्हतं.

अंधारा पंधरवडा होता. चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता. भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं. पनवेलपर्यंत दिवे थापेवर लागत आले, पण बांधावर त्या संध्याकाळी थापेनेही लागले नाहीत. बाने हाताने मारलं, पान्याने मारलं, दोन्ही मडगार्डांवर मारलं. नाही. बांधाच्या सुरुवातीलाच उभे होतो, मागे वळायला जागा नाही.

हिराय उतरली. म्हणाली, "मी चालतंय म्होरं. तू माज्या मागना ये, दादूस." तिने वाटेतल्या झावळ्या गोळा करून त्यांची चूड बांधली, पेटवली, आणि ती उंच धरून बांधाच्या मधोमध चालू लागली. बा पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून. मी दरवाजा उघडा ठेवून, पाय फूटबोर्डवर ठेवून बसले होते. पुढे ती ठिणग्या उडवणारी ज्योत आणि तिच्याखाली हिरायच्या पाठीचा काळा आकार. बाकी जगात काही नाही. मागच्या बायका फळीला धरून बसल्या होत्या. मी मनात पावलं मोजत होते आणि आकडे विसरत होते.

मग पुढचं चाक खड्ड्यात गेलं. लॉरी जोरात हादरली आणि दोन्ही दिवे एकदम, झगझगीत लागले.

हिराय दचकून मागे वळली. प्रकाश तिच्या डोळ्यांत गेला. तिने एक पाऊल बाजूला टाकलं, तिथे बांध नव्हता. चूड हवेत राहिल्यासारखी वाटली आणि मग पाण्यात विझल्याचा आवाज आला. तो आवाज मी विसरू शकत नाही. तवा पाण्यात बुडवल्यासारखा.

बायकांनी तिला लुगड्याच्या पदराला धरून वर ओढली. कमरेपर्यंत ती पाण्यात होती, पाय दगडांत अडकला होता. घोटा असा वळला होता की मी मान फिरवली. ती ओरडली नाही. नुसती म्हणत राहिली, "माजा कोयता बगा गो, कोयता पडला काय."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पत्रक लिहिलं. बारा ओळींचं. राग आला की मला वाक्यं आपोआप सुचतात, लहानपणीच्या भाकरीखालून वर येतात. पैसे घेऊन खोटी दुरुस्ती करणारा नाक्यावरचा मिस्त्री! गरीब कष्टकरी बायकांच्या जिवाशी खेळणारा! नागरिकहो, जाब विचारा! त्याचं नाव मी लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती, नाक्यावर मिस्त्री एकच होता. माझंही नाव लिहिलं नाही. खाली 'एक हितचिंतक' असं छापून घेतलं. पनवेलच्या एका छापखान्यातून गुलाबी कागदावर पत्रकं आली आणि मी पहाटे जाऊन ती चिकटवली. गिरणीच्या फाटकावर, एसटी थांब्यावर, नाक्यावरच्या विजेच्या खांबावर. हात खळीने चिकट झाले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी थांब्यावरून जाताना माझ्या बारा ओळींखाली कोणीतरी कोळशाने दोन शब्द लिहिलेले दिसले. मिस्त्रीच्या धर्मावरून होते. ते मी इथे लिहिणार नाही. फाळणीला दहा वर्षंही झाली नव्हती. असे शब्द गावात कुठून कुठे जातात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मी पुढे गेले, खांबावर पाहिलं, तिथेही तेच. त्या वेळी मला जी भीती वाटली ती बांधावरच्या भीतीहून निराळी होती. बांधावर मी मरेन असं वाटायचं. इथे माझ्या वाक्यांच्या पाठीवर बसून कोणी दुसरा कुठेतरी निघाला होता, आणि त्याला उतरवायचं कसं ते मला कळत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली. बा लॉरी घेऊन तिसऱ्यांदा मिस्त्रीकडे निघाला. "दुसरीकडं कुठं जाऊ? मानूस चांगला हाय," म्हणाला. पत्रक मी लिहिलं हे त्याला माहीत नव्हतं. मी बरोबर गेले. का गेले ते सांगता येत नाही. घरी बसवेना.

शेड रिकामी होती. एरवी दोन-तीन गाड्या तरी उभ्या असत. इसाक मिस्त्री स्टुलावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर गुलाबी कागद होता, खांबावरून सोलून काढलेला, एक कोपरा फाटलेला.

"या मास्तरीण," तो म्हणाला. "बरं झालं आलात. मला उर्दू येतं, तुमची लिपी येत नाही. लोक वाचतात, मला बघतात आणि पुढे जातात. काय लिहिलंय माझ्याबद्दल, जरा वाचून दाखवा."

बाने माझ्याकडे पाहिलं. मी कागद घेतला. मी वाचलं. पहिल्यापासून, सगळ्या उद्गारचिन्हांसकट, कारण सपाट वाचलं असतं तर तेही खोटं झालं असतं. शेवटी 'एक हितचिंतक' वाचलं.

त्याने खालच्या कोळशाच्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि खाली?"

"खाली काही नाही. छापलेलं एवढंच."

"खालचं राहू द्या," तो म्हणाला. "ते न वाचता कळतं." आणि उठून पाना घेतला. "भाऊ, इंजिन चालू करा."

त्या दिवशी त्याने जे केलं ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्याने दिवे लावले, आणि लाकडी हातोडीने मडगार्डला बारीक-बारीक ठोके द्यायला लागला. दहा, वीस. दिवे मंद झाले आणि गेले. बाचा हात सवयीने थाप मारायला वर गेला.

"हात लावू नका!" मिस्त्री ओरडला. "भाऊ, हीच चूक. गेलेली बत्ती गेलेलीच राहू द्या. तुम्ही रोज थाप मारता, आजार पळून जातो. माझ्याकडे येता तेव्हा तो गाडीत नसतोच. मी शोधू काय?"

मग त्याने एक छोटा बल्ब काढला, दोन तारा लावलेला. एक टोक दिव्याच्या तारेला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बल्ब पेटला. "दिव्यापर्यंत करंट येतोय. म्हणजे तार चांगली. पहिल्या दिवसापासून चांगली होती." त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग एक लांब तार घेतली, एक टोक दिव्याच्या बैठकीत खुपसलं, दुसरं इंजिनला टेकवलं. समोरचा दिवा भक्कन पेटला. तार काढली, विझला. टेकवली, पेटला.

"यायला वाट आहे, परत जायला नाही," तो म्हणाला, मला कळावं म्हणून सावकाश. "करंट तारेने दिव्यात येतो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जातो. त्यासाठी लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. मधे कोण बसलंय ते बघू."

त्याने दिव्याच्या बैठकीचा बोल्ट सोडवला. बैठक उचलली. खाली लाल रंग होता, गुळगुळीत, जाड, चकाकणारा. बोल्टाच्या भोकात सुद्धा. त्याने पातं घेऊन खरवडलं. लाल, खाली पुन्हा लाल, मग लष्करी हिरवा, आणि मग कुठे लोखंड. दुसरी बैठक सोडवली. तिथेही तसंच.

"हे असं कोणी रंगवलं? खालून, सांध्यातून?"

मला माहीत होतं कोणी रंगवलं ते. दसऱ्याच्या आधी दोन दुपारी मी एकटीने ते काम केलं होतं. दोन खेपांच्या मधे बा जेवून झोपे, तेवढा वेळ लॉरी दारात उभी असे. आमच्या खाडीवर लोखंड उघडं राहिलं की खारं वारं ते महिन्याभरात खातं. होडीचा एकही सांधा, एकही खिळा कोरडा सोडायचा नाही. आधी आतून राळ, मग बाहेरून तेल, आणि ओलं असतानाच आवळायचं, हे मी चार वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. शेजारच्या लॉऱ्यांना लोक वरवर रंग लावत होते आणि मी त्यांना मनात हसत होते. मी पाना घेऊन बोल्ट सोडवले होते. मी काम नीट केलं होतं.

"मी," बा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

इसाक मिस्त्री हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "भाऊ, ही होडी नव्हे. होडीत पाणी शिरू नये. हिच्यात करंट शिरू द्यावा लागतो."

माझ्या हातात गुलाबी कागद होता. मी त्याची घडी केली, त्या घडीची घडी केली. बोलले नाही. घरी येईपर्यंत नाही, त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कसली भीती होती? नोकरी कच्ची होती, जाईल. लोक बाला नावं ठेवतील. पण खरी भीती यांतली नव्हती. मला वाटत होतं, मी हे बोलले तर माझ्याकडे पुन्हा कधी कोणाला जाब विचारायचं तोंड राहणार नाही. आणि त्या तोंडाशिवाय मी कोण?

दिवे आता लागत होते. मी पहाटे उठून पत्रकं सोलत होते, अर्धी निघत, अर्धी भिंतीला राहत. नाक्यावर शेड रिकामीच. कागद सोलता येतो, वाचलेलं सोलता येत नाही. चौथ्या दिवशी मी दुसरं पत्रक लिहिलं. पाच ओळी. लॉरीच्या दिव्यांचा दोष मिस्त्रीचा नव्हता. दिव्याच्या सांध्यात रंग मी लावला होता. पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. खाली माझं पूर्ण नाव आणि शाळा. छापखानेवाल्याने विचारलं, "पहिल्यावर नव्हतं, मग यावर नाव कशाला?" मी म्हटलं, छापा.

पहिली प्रत बाला वाचून दाखवली. तो एवढंच म्हणाला, "मना ठावं व्हता." कशाबद्दल, रंगाबद्दल का पत्रकाबद्दल, ते मी विचारलं नाही. दुसरी इसाक मिस्त्रीला. त्याने मान खाली घालून ऐकलं, चष्म्याची दोरी नीट केली आणि म्हणाला, "पहिलं जास्त जोरात होतं." मग चहा मागवला. मी तो प्यायले. इतका कडू चहा मी कधी प्यायले नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

बाकीच्या पहिल्या पत्रकांच्याच जागी दिवसाउजेडी चिकटवल्या आणि तिसरी प्रत घेऊन कामोठ्याला गेले. हिराय ओटीवर बसली होती, पायाला हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या. शेजारी तिची सून भात पाखडत होती, सहावा महिना असलेली. मी कागद पुढे केला.

"मना कागद दावतेस?" हिराय म्हणाली. "मना वाचता येत नाय. तुजा मिस्त्री नशीबवान, त्याला उर्दू तरी येतं. तोंडान सांग."

तोंडाने सांगायचं म्हटल्यावर पाच ओळीही फार वाटल्या. मी सांगितलं. आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. सुनेचं सूप थांबलं.

"म्हंजे मी पंधरा दीस त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या त्या फुकट गेल्या," हिराय म्हणाली. कोणीतरी हसलं. ती हसली नाही. "आता दिवे लागतात?"

"लागतात."

"पक्के?"

"मिस्त्री म्हणाला, पक्के."

"मिस्त्री काय म्हनतो ते नको सांगू. रंग तू लावलास. तू सांग. ही माजी सून माज्या जागी कापनीवर जानार. तिला लॉरीत बसवू?"

मला हो म्हणवेना. लोखंड मी पाहिलं होतं, तार पाहिली होती, दिवा पेटताना पाहिला होता, आणि तरी जीभ उचलेना.

"मंग बांदावर तू म्होरं चाल," हिराय म्हणाली. "तू म्होरं असलीस तर मी तिला बसवते."

कापणीच्या उरलेल्या सगळ्या संध्याकाळी मी चालले. बांधाशी आलो की बा लॉरी थांबवी, मी उतरे, आणि पुढे होई. हातात चूड नाही, काही नाही. पाठीवर दोन दिवे. माझी सावली पुढे इतकी लांब पडे की तिचं डोकं अंधारात नाहीसं झालेलं असे. चाक खड्ड्यात गेलं की सावली उडे. आता जातील. आता पुन्हा लागतील आणि मी वळेन. वळायचं नाही, वळायचं नाही. मानेवर इंजिनचा गरमपणा, कानांत पाण्याचा आवाज. माझा बाप चालवतो आहे हे मला माहीत होतं, त्याच्या हाताखाली मी वाढले होते, आणि तरी त्या बांधावर माझ्यामागे लॉरीखेरीज कोणी नव्हतं. गिरणीतल्या गादीवर बसून 'शेवटची खेप आजच टाका' म्हणणाऱ्यांनी, दिव्यांविना गाड्या हाकणाऱ्या मालकांनी, आणि 'लागतात की' म्हणून आत बसून राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा तरी तिथे पुढे चालायला हवं होतं, असं मला वाटे. अजून वाटतं.

दिवे गेले नाहीत. एकदाही नाही. सुनेला माघात मुलगी झाली. इसाक मिस्त्रीच्या शेडमध्ये गाड्या परत आल्या, पण सगळ्या नाहीत. बदलीची जागा पुढच्या सत्रात मला मिळाली नाही, वर्षभर घरी बसले. हिराय अजून काठी घेऊन चालते. कापणीला ती पुन्हा उतरली नाही, खळ्यावर बसून राखण करते. भेटली की बोलते, माझ्या शाळेची चौकशी करते. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही, आणि ती आपणहून सांगेल अशी बाई नाही.

आता तुमच्याकडे मागायचं ते मागते. येत्या आठवड्यात तुम्ही गाडी रंगवाल. रंगवा. पण दिव्यांच्या बैठकीचे बोल्ट आधी सोडवा, खालचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडा, आणि बैठक झाकते तेवढी जागा कोरडी ठेवूनच बोल्ट आवळा. मग दिवस मावळू द्या, इंजिन चालू करा, दिवे लावा, मडगार्डवर ठोके द्या. आणि गाडी सावकाश पुढे घेताना दिव्यांसमोर रस्त्यावर एका माणसाला चालायला लावा. क्लीनर नको, हमाल नको, कापणीवर आलेली बाई नको. तो माणूस तुमच्या घरचा असू द्या.